विश्लेषण : वकिलीच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप सक्तीची, पण ती देण्याची सक्ती कोणावर?

पदवीसाठी १२ ते २० आठवड्यांचे प्रत्यक्ष काम बंधनकारक आहे. मात्र जागा शोधायची ती विद्यार्थ्यानेच. मावळातल्या एखाद्या गावातून विधि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींसाठी या नियमाचा अर्थ काय?

विधि शाखेत प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला पदवी हाती पडण्याआधी काही आठवडे वकील, न्यायालय, लॉ फर्म, कंपनी किंवा स्वयंसेवी संस्थेत काम करावे लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा तसा नियमच आहे. पण ही जागा कोण मिळवून देणार, याबद्दल हा नियम फारसे काही बोलत नाही. पुण्या-मुंबईत ज्यांच्या घरात किंवा नात्यात वकील आहेत, त्यांचे काम एका फोनवर होते. नाणे मावळातल्या वडिवळ्यासारख्या गावातून कामशेत गाठून पुण्याची लोकल पकडणाऱ्या विद्यार्थ्याला तोच नियम पाळायचा असतो, पण फोन करायला कोणी नसते. अशा विद्यार्थ्याने अर्ज कुठे करावा, कसा करावा आणि त्याच्या हातात आधीपासून काय आहे, ते पाहू.

नियम नेमका काय आहे?

बार कौन्सिलच्या विधि शिक्षण नियम, २००८ नुसार तीन वर्षांच्या एलएलबीसाठी किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी किमान २० आठवडे इंटर्नशिप आवश्यक आहे. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे सगळे शेवटच्या वर्षावर ढकलून चालत नाही. दरवर्षी एक महिना, असा साधा हिशेब ठेवावा लागतो.

आणखी एक अट अनेकांच्या लक्षात उशिरा येते. संपूर्ण शिक्षणकाळात किमान एकदा तरी खालच्या न्यायालयात आणि अपील न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे इंटर्नशिप झालीच पाहिजे. सगळे आठवडे कंपनीत किंवा लॉ फर्मच्या वातानुकूलित कार्यालयात काढले, तर ही अट अपुरी राहते.

केलेल्या कामाची डायरी ठेवायची असते. ती मार्गदर्शक वकील आणि महाविद्यालयातील प्राध्यापक असे दोघे तपासतात. त्यामुळे केवळ प्रमाणपत्र आणून भागत नाही.

सक्ती विद्यार्थ्यावर, मग जबाबदारी कोणाची?

खरी मेख इथे आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही एक वर्षाची इंटर्नशिप सक्तीची असते, पण त्यासाठी महाविद्यालयाला संलग्न रुग्णालय असावेच लागते. जागा आधी, प्रवेश नंतर. सीएच्या विद्यार्थ्याला आर्टिकलशिप स्वतः शोधावी लागते, पण तिथे किमान मानधन किती द्यायचे ते संस्थेने ठरवून दिलेले आहे. वकिलीच्या विद्यार्थ्याला यांपैकी एकाचीही हमी नाही.

नियमांत एक दुवा मात्र ठेवलेला आहे. किमान दहा वर्षे वकिली केलेल्या आणि सुट्टीच्या काळात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यास तयार असलेल्या वकिलांची जिल्हानिहाय यादी राज्य बार कौन्सिलने करावी आणि ती बार कौन्सिल ऑफ इंडियाने प्रसिद्ध करावी, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे हे काम बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या कक्षेत येते. यादी ‘इच्छुक’ वकिलांची असल्याने कोणावर बंधन नाही. तरीही विद्यार्थ्याने महाविद्यालयाकडे या यादीची लेखी मागणी करायला हरकत नाही. मागणीच नसेल तर यादी अद्ययावत ठेवण्याचे कारणही उरत नाही.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का झाला?

कारण पदवीनंतरचे औपचारिक प्रशिक्षण आता उरलेले नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये सनद देण्यापूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षेची तरतूद होती. ती १९७३ च्या दुरुस्तीने गेली. बार कौन्सिलने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा आणले. पण असा नियम करण्याचा अधिकार कौन्सिलला नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुदीर खटल्यात १९९९ मध्ये तो रद्द ठरवला. २०११ पासून ऑल इंडिया बार एक्झामिनेशन सुरू झाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. मात्र ती लेखी परीक्षा आहे. कोर्टात उभे कसे राहायचे, हे तिच्यातून शिकता येत नाही.

त्यामुळे सनद मिळण्यापूर्वी प्रत्यक्ष काम पाहण्याची नियमाने दिलेली संधी म्हणजे हेच १२ किंवा २० आठवडे.

त्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवी घेऊन थेट न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसण्याचा विचार करणाऱ्या ग्रामीण मुलामुलींना आता आधी कोणाच्या तरी चेंबरमध्ये उभे राहावे लागेल. ते चेंबर बहुतेकदा इंटर्नशिपच्या ओळखीतूनच मिळते.

मोठ्या लॉ फर्ममध्ये निवड कशी होते?

मुंबईत लॉ फर्मची परंपरा जुनी आहे. क्रॉफर्ड बेलीची स्थापना १८३० ची. १९१७ पासूनच्या अमरचंद मंगलदासचे २०१५ मध्ये दोन स्वतंत्र फर्ममध्ये विभाजन झाले. अशा फर्म कंपन्यांचे व्यवहार, बँकांची कर्जे, लवाद, स्पर्धा कायदा, मालमत्तेचे व्यवहार अशी कामे करतात. इंटर्नशिपसाठी त्यांच्याकडे साधारण तीन वाटांनी जाता येते : महाविद्यालयाच्या प्लेसमेंट समितीमार्फत, फर्मच्या संकेतस्थळावरील अर्जातून, किंवा थेट भागीदाराला ईमेल करून.

तिसऱ्या आणि त्यापुढच्या वर्षातील विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळते, कारण कंपनी कायदा आणि करार कायदा तोवर शिकून झालेला असतो. शेवटच्या दोन वर्षांतील इंटर्नशिपमध्ये काम पाहून पुढे नोकरीचा प्रस्ताव दिला जातो. म्हणजे ती महिनाभर चालणारी मुलाखतच असते. अर्ज किमान तीन ते सहा महिने आधी करावा लागतो. एप्रिलमध्ये मे महिन्यासाठी केलेला अर्ज बहुधा उशिराचा ठरतो.

राष्ट्रीय विधि विद्यापीठांत ही सगळी यंत्रणा बसलेली असते. विद्यापीठाशी संलग्न साध्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला ती स्वतः उभी करावी लागते. दोघांच्या गुणवत्तेत फरक असेलच असे नाही, पण माहिती पोहोचण्याच्या वेळेत नक्की असतो.

वडिवळ्याच्या विद्यार्थ्याची अडचण कुठे होते?

पहिली अडचण पैशाची. मुंबईत चार आठवडे राहायचे तर खोली, जेवण आणि प्रवास हा खर्च घरूनच करावा लागतो. बिनपगारी इंटर्नशिप फुकट वाटते, पण कुटुंबासाठी ती खर्चाची बाब असते. त्यातच ती भाताच्या लावणीच्या दिवसांत आली तर घरच्या कामाचे दोन हातही कमी होतात.

दुसरी अडचण ओळखीची, आणि ती आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन आले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्या काळी उच्च न्यायालयातील काम सॉलिसिटरमार्फत येई आणि अस्पृश्यतेच्या भिंतीमुळे ते काम त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. उत्पन्नासाठी त्यांना बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. परदेशी पदव्यांनाही जी दारे बंद होती, ती ओळखीला उघडी होती. आज कायदा बदलला आहे. पण काम ओळखीतून वाटले जाण्याची सवय पूर्ण गेलेली नाही.

तिसरी अडचण इंग्रजीची. ईमेल, टिपणे, करारांचे मसुदे सगळे इंग्रजीत असते. याला पर्याय नाही, ते शिकावेच लागते. मात्र उलट बाजूने पाहिले तर मराठी हे इथे भांडवल ठरू शकते.

मराठी आणि गावची माहिती उपयोगी कशी पडते?

मावळात जमिनीचे व्यवहार मोठे आहेत. लोणावळा परिसरातील बंगले आणि शेतघरे, तळेगावची औद्योगिक वसाहत, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गासाठी झालेले भूसंपादन, पवना धरणग्रस्तांचे पुनर्वसन असे अनेक विषय इथल्या कागदपत्रांत गुंतलेले आहेत. कुंडली नदीवरील वडिवळे धरणाच्या परिसरातही जमीन, पाणी आणि नोंदी हेच घराघरातले विषय असतात.

या व्यवहारांत पुण्या-मुंबईच्या फर्मला मालकी हक्काचा शोध घ्यावा लागतो. महारेराकडे प्रकल्प नोंदवताना विकासकाला मालकी हक्काचा कायदेशीर अहवाल द्यावा लागतो. हा अहवाल तयार करणाऱ्याला सात-बारा, आठ-अ, जुने फेरफार आणि सूची क्रमांक दोन वाचता आली पाहिजे. इतर अधिकारातील शेरा कशाचा आहे, जमीन भोगवटादार वर्ग एकची की दोनची, कूळकायद्याच्या कलम ४३ चा शिक्का का पडला, बिगरशेतकऱ्याला कलम ६३ आड का येते, वाटणीत तुकडेबंदी कायदा कुठे लागतो, हे समजावे लागते. फेरफाराचे हस्ताक्षर लावता न येणाऱ्या शहरी सहकाऱ्यापेक्षा हे वाचत मोठा झालेला विद्यार्थी इथे पुढे असतो. जुन्या नोंदींसाठी मोडी लिपी शिकून घेतली तर आणखी उत्तम.

त्यामुळे अर्जात ‘मला कायद्याची आवड आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘मावळ तालुक्यातील गेल्या तीस वर्षांचे फेरफार वाचून मालकीची साखळी मांडू शकते’ असे लिहिणे अधिक परिणामकारक. अर्थात, ते खरोखर करता येत असेल तरच!

तालुक्याच्या कोर्टात काय मिळते?

कामशेतहून लोकलने कान्हे आणि मग वडगाव, असे दोनच थांबे. वडगाव मावळला न्यायालय, तहसील कार्यालय आणि दुय्यम निबंधक कार्यालय आहे. दिवाणी दावा, मनाई हुकूम, वाटप, वहिवाटीचा रस्ता, धनादेश न वटल्याची फिर्याद, पोटगी, जामीन असा रोजचा संसार इथे पाहायला मिळतो.

चार आठवड्यांत बोर्ड कसा वाचायचा, वकीलपत्र कसे दाखल होते, कैफियतीत काय नाकारायचे आणि काय मान्य करायचे, साक्षीदाराची उलटतपासणी कशी चालते, रोजनाम्यात काय लिहिले जाते, नक्कल कशी मिळवायची, हे सगळे समजू शकते. मोठ्या फर्ममध्ये महिनाभर एकाच कराराच्या परिशिष्टावर काम करणाऱ्याला यातले फारसे दिसत नाही. अभ्यासक्रमातही खटल्यांचे निरीक्षण आणि अशिलाशी होणाऱ्या चर्चेचे निरीक्षण असतेच. त्याची सोयही इथे होते.

तालुका विधि सेवा समिती हा आणखी एक दरवाजा. मोफत विधि सहाय्य आणि लोकअदालतीचे काम जवळून पाहता येते. पुढे जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आणि शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय लोकलच्याच मार्गावर आहे.

एक सूचना वेळेबाबत. न्यायालयांना मे महिन्यात उन्हाळी सुट्टी असते आणि दिवाणी कामे बहुतांश थांबतात. कोर्टातील काम पाहायचे असेल तर जूनमधील फेरउघडणीनंतरचे किंवा नाताळच्या सुट्टीआधीचे आठवडे निवडावेत. मे महिना लॉ फर्म किंवा कंपनीसाठी राखावा.

अर्जात काय लिहावे?

- ईमेलच्या विषयात नाव, वर्ष, महाविद्यालय आणि नेमक्या तारखा द्याव्यात. ‘इंटर्नशिपबाबत’ एवढेच लिहिलेला ईमेल मागे पडतो.
- पत्र दीडशे ते दोनशे शब्दांचे असावे. या फर्मकडे किंवा या वकिलांकडेच का, हे एका वाक्यात सांगावे. एकच मजकूर पन्नास जणांना एकाच ईमेलमध्ये पाठवू नये.
- परिचयपत्र एका पानाचे. शिक्षण, पूर्वीच्या इंटर्नशिप, अभिरूप न्यायालय, लेखन, भाषा. प्रत्येक इंटर्नशिपसमोर प्रत्यक्ष केलेले काम लिहावे.
- लेखनाचा नमुना स्वतःचा असावा. आधीच्या वकिलांकडील अशिलाची कागदपत्रे नमुना म्हणून जोडणे गंभीर चूक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील गोपनीयतेचे बंधन वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू होते. इंटर्ननेही तेच पाळावे. अशिलाचे कागद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमध्ये टाकणेही टाळावे.
- महाविद्यालयाचे शिफारसपत्र आधीच काढून ठेवावे.
- उत्तर न आल्यास दहा-बारा दिवसांनी एकदा विनम्र आठवण करावी. नंतर पुढे जावे.

तालुक्याच्या वकिलांना मात्र ईमेलपेक्षा प्रत्यक्ष भेट चांगली. कोर्टाचे कामकाज संपल्यावर, शिफारसपत्र हातात घेऊन जावे. ‘सर, फाइल लावायलाही येईन’ एवढी तयारी दिसली तर नकार सहसा येत नाही.

मानधन मिळते का?

मोठ्या फर्म बहुधा काही मानधन देतात. लहान चेंबरमध्ये ते क्वचितच मिळते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये अशा किमान मानधनाची शिफारस केली. पण ती सनदधारक ज्युनिअर वकिलांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही. शिवाय ती शिफारस आहे, सक्ती नव्हे.

सरकारी योजनांचाही इथे फारसा उपयोग होत नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या २०२४ मधील अटींनुसार दरमहा पाच हजार रुपये मिळत, पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांना अर्ज करता येत नव्हता. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतूनही शिक्षण सुरू असलेले वगळले आहेत.

दिलासा एका ठिकाणी मिळाला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनद नोंदणीचे शुल्क कायद्यात दिल्याप्रमाणे खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असे स्पष्ट केले.

आर्टिकलशिप म्हणजे हेच का?

नाही. मुंबईत सॉलिसिटर होण्याची वेगळी वाट आजही आहे. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देण्यासाठी सॉलिसिटरकडे तीन वर्षे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून काम करावे लागते. १९७६ च्या कायदादुरुस्तीनंतर सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट हा भेद कायद्याने उरला नाही, पण व्यवहारात या पात्रतेला मान आहे. मालमत्ता आणि दस्तऐवजांच्या कामात रस असलेल्यांनी ही वाट माहीत करून घ्यावी.

काळजी कोणती घ्यावी?

इंटर्न म्हणजे वकील नव्हे. नावापुढे ‘ॲड.’ लावणे किंवा न्यायालयात बाजू मांडणे चालत नाही. शुल्क भरून घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. मार्गदर्शकाने तपासलेली डायरी नसेल तर त्या कागदाला अर्थ नाही.

विद्यार्थिनींसाठी एक बाब महत्त्वाची. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ मध्ये प्रशिक्षणार्थींचाही समावेश आहे, मग मानधन मिळो वा न मिळो. बहुतेक चेंबरमध्ये दहापेक्षा कमी माणसे असतात आणि तिथे अंतर्गत समिती नसते. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते.

इतर देशांत काय होते? आपल्याकडे काय व्हावे?

जर्मनीत पहिल्या राज्य परीक्षेनंतर सुमारे दोन वर्षांचे प्रशिक्षण असते. ते राज्यच चालवते आणि भत्ताही देते. इंग्लंडमध्ये २०२१ पासूनच्या नव्या पद्धतीत दोन वर्षांचा अनुभव चार वेगवेगळ्या संस्थांपर्यंत विभागून घेता येतो. त्यात विधि सहाय्य केंद्रातील कामही धरले जाते. दोन्हीकडे विचार एकच आहे : अनुभव सक्तीचा करायचा तर तो मिळण्याचे मार्गही वाढवायचे.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हानिहाय वकिलांची यादी दरवर्षी अद्ययावत व्हावी आणि तालुका बार असोसिएशनच्या फलकावर लागावी. महाविद्यालयांनी दर सत्रात तालुका न्यायालये आणि विधि सेवा समित्यांशी आधीच बोलून जागा ठरवाव्यात. गरजू विद्यार्थ्यांना निदान प्रवासखर्च मिळावा. हे झाले तर वडिवळ्याच्या मुलीला पहिली इंटर्नशिप घरापासून तासाभरात मिळेल आणि दुसरी मागताना तिच्याकडे दाखवायला काम असेल.

तोवर शहाणपण एवढेच, की सुरुवात जवळून करावी. पहिल्या वर्षी तालुका, दुसऱ्या वर्षी जिल्हा, मग फर्म. ओळख नसणाऱ्याला कामानेच ओळख तयार करावी लागते आणि वडगावच्या कोर्टात केलेले चार आठवड्यांचे चोख काम ही त्याची पहिली पायरी ठरू शकते.